फुललेल्या झाडांवरून आखावी वाट : पुण्याच्या उद्यानांत वसंत कसा पाहावा

माघ सरत आला की पुण्याच्या टेकड्या तपकिरी दिसू लागतात, रस्त्यांच्या कडेला वाळलेल्या पानांचे ढीग साचतात आणि उन्हाळा लागला असे जो तो म्हणू लागतो. प्रत्यक्षात याच दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, शहरातील उद्यानांमध्ये वर्षातली सर्वांत मोठी लगबग चाललेली असते. आपल्याकडील बरेचसे पानझडी वृक्ष आधी पाने गाळतात, मग फुलतात आणि त्यानंतर पालवतात. फांद्या उघड्या असल्यामुळे फुले दुरून दिसतात, मधाच्या शोधातील पाखरांना ती सहज गवसतात, आणि फळे पिकून बी सुटेपर्यंत पहिला पाऊस जवळ आलेला असतो. त्यामुळे हिरवी सावली शोधत या ऋतूत बागेत जाणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. पानांवाचून उभे असलेले, पण फुलांनी लगडलेले झाड शोधणाऱ्याला मात्र पक्षी, खारी, मधमाश्या आणि फुलपाखरे एकाच जागी भेटतात. म्हणून वसंतातली फेरी किती किलोमीटर चालायचे यावरून न आखता कोणती झाडे सध्या फुलली आहेत यावरून आखावी. पुढील सर्व सूचना याच एका सूत्राभोवती आहेत.

वेळ आणि तयारी

पुण्यात मार्चच्या मध्यास सूर्योदय सुमारे पावणेसातला होतो आणि एप्रिलच्या मध्यास तो सव्वासहाच्या आसपास येतो. पक्ष्यांचे गाणे ऐकायचे असेल तर सूर्योदयापूर्वी अर्धा तास आधी फाटकाशी असावे, कारण दयाळ हा आपल्या बागांमधला सर्वांत गोड गळ्याचा पक्षी अंधूक उजेडातच गाऊ लागतो आणि ऊन चढले की बराचसा गप्प होतो. फुलांवरची गर्दी पाहायची असेल तर सात ते नऊ ही वेळ उत्तम. फुलपाखरांना मात्र पंख तापल्याखेरीज नीट उडता येत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी साडेआठनंतर थांबावे लागते. महापालिकेची बहुतेक उद्याने सकाळी लवकर उघडतात, दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. एम्प्रेस गार्डनसारख्या तिकीट असलेल्या बागेच्या वेळा वेगळ्या असतात. म्हणून पहिल्या खेपेस फाटकावरील फलक पाहून घ्यावा. एप्रिलमध्ये पारा ३८ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दहानंतर फिरण्यात ना माणसाला सुख असते ना पाखराला.

दुर्बीण असल्यास आठपट मोठे दाखवणारी आणि ४० ते ४२ मिलिमीटर भिंगाची घ्यावी. दहापट शक्तीची दुर्बीण हातात अधिक हलते, आणि झाडीत पटपट जागा बदलणारा पक्षी तिच्यात पकडणे नवख्याला अवघड जाते. दुर्बीण नसली तरी अडत नाही. फुललेल्या सावरीखाली उभ्या राहिलेल्या माणसाला नुसत्या डोळ्यांनीही पुष्कळ दिसते. कपडे मातकट किंवा फिकट हिरवे असावेत आणि पायांत बंद बूट असावेत. वसंतात ऊन वाढू लागते तसे सापही अधिक वावरू लागतात, आणि टेकडीवरच्या वाळक्या गवतातली कुसळे मोज्यांतून आत घुसतात. टेकडीवर जाणार असाल तर खाजकुहिलीच्या वाळलेल्या, मखमली दिसणाऱ्या शेंगांना आणि कांडोळाच्या लवदार लाल फळांना हात लावू नये, कारण दोन्हींवरची सूक्ष्म लव त्वचेत रुतून असह्य खाज सुटते. मुलांना हे घरून निघतानाच सांगून ठेवावे.

कोणत्या पंधरवड्यात कोणते झाड

सुरुवात काटेसावरीपासून करावी. जानेवारीअखेरीस तिच्या उघड्या, आडव्या फांद्यांवर टपोऱ्या कळ्या दिसू लागतात आणि फेब्रुवारीत हाताच्या पंजाएवढी मांसल लाल फुले उमलतात. एखादे मोठे झाड निवडावे, सूर्य पाठीशी राहील अशा बेताने वीस-पंचवीस पावलांवर उभे राहावे आणि किमान अर्धा तास तेथून हलू नये. आधी साळुंक्या आणि भांगपाडी मैना येतात. त्यांच्यामागोमाग बुलबुल, हळद्या, कावळे आणि पोपट येतात. कोतवाल मधही पितो आणि मधाला आलेले किडेही टिपतो. पोपट फुले कुरतडून खाली टाकतात, खारी फुलांत तोंड खुपसून परागांनी पिवळ्या होतात, आणि मध्येच एखाद्या थव्याने झाड व्यापले की बाकीचे सारे बाजूला सरतात. हा थवा बहुधा भोरड्यांचा असतो. काळे डोके आणि गुलाबी अंग असलेले हे पाहुणे मध्य आशियाकडून येऊन हिवाळा आपल्याकडे घालवतात, सावर आणि पांगाऱ्याच्या फुलांवर ताव मारतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत परतीच्या वाटेला लागतात. सूर्यास्ताच्या सुमारास त्यांचे थवे रातथाऱ्याकडे जाताना आकाशात जे वळसे घेतात, ते पाहण्यासाठी नदीकाठची किंवा टेकडीवरची मोकळी जागा गाठावी. रात्री याच सावरीवर वटवाघळे मध प्यायला येतात, त्यामुळे जवळपास राहणाऱ्यांनी अंधार पडल्यावरही एक चक्कर मारावी.

सावरीच्या पाठोपाठ पांगारा आणि पळस फुलतात. पांगाऱ्याचे लालभडक तुरे फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेरी फांद्यांच्या टोकांना येतात, आणि त्यांवर शिंजीर हमखास दिसतो. जांभळ्या शिंजिराचा नर हिवाळ्यात मादीसारखाच फिकट पिवळा दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा असतो. वसंत लागताच त्याला निळ्या-जांभळ्या चकाकीचा पेहराव चढतो. फेब्रुवारीत अर्धवट रंगलेले नर दिसतात, तेव्हा ही वेगळी जात आहे असे समजू नये. पळस शहराच्या आतल्या बागांमध्ये कमी आहे. त्यासाठी टेकड्यांचे उतार किंवा विद्यापीठाच्या आवारासारखी जुनी, मोकळी जागा धुंडाळावी लागते. पळसाच्या फुलाचा आकार असा बाकदार असतो की मध प्यायला चोच आत घालणाऱ्या पाखराच्या अंगाला पराग लागतातच, आणि सकाळच्या उन्हात हे जवळून नीट पाहता येते.

वसंतात पालवीही फुलांइतक्याच बारकाईने पाहावी. मार्चमध्ये करंज पाहता पाहता सारी पाने झाडतो आणि थोड्याच दिवसांत पोपटी, तेल लावल्यासारखी चकचकीत पालवी धारण करतो. एप्रिलमध्ये त्याच्या फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा सडा पदपथावर पडतो. पिंपळाची तांबूस पालवी तर पुण्यात जवळजवळ प्रत्येक रस्त्यावर आहे. एकाच रस्त्यावरचे दोन पिंपळ एकाच आठवड्यात पालवत नाहीत, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. कुसुंब जिथे असेल तिथे मार्चच्या आरंभी रक्तवर्णी पालवीने इतका उठून दिसतो की लांबून तो फुललाच आहे असे वाटते. वावळ्याच्या फिकट हिरव्या, कागदी पापुद्र्यांसारख्या फळांचे घोस याच दिवसांत झाडावर दिसतात आणि वाळल्यावर वाऱ्याबरोबर उडत जातात. वारसाची पांढरी फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली पडलेली सापडतात. त्यांचा सुवास घ्यायचा असेल तर उजाडताच जावे.

गुढीपाडव्याच्या सुमारास कडुनिंब मोहरतो, आणि ज्याच्या पानाफुलांची कडू चव आपण सणाच्या सकाळी घेतो त्याच्याखाली उभे राहिले की मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येतो. एप्रिलच्या मध्यापासून बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. त्यांवर काळे, मोठे, लाकूड पोखरणारे भुंगे येतात. ते फुलाला पकडून अंग थरथरवतात आणि त्या कंपनाने पराग सुटतात. थोडे जवळ उभे राहिल्यास त्यांचा घुमणारा आवाज बदललेला स्पष्ट ऐकू येतो. बहाव्याच्याच पानांवर भटक्या जातीच्या फिकट पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या वाढतात, तेव्हा कुरतडलेली पाने दिसली म्हणून झाडाला रोग झाला असे मानू नये. राज्यपुष्पाचा मान असलेले ताम्हण एप्रिलच्या अखेरीस फुलू लागते.

परदेशांतून आणलेल्या शोभेच्या झाडांविषयी एक मत मोकळेपणाने मांडतो. गुलाबी-पिवळे टॅबेबुया आणि जांभळा नीलमोहर डोळ्यांना फार सुखावतात आणि त्यांची छायाचित्रे सर्वत्र फिरतात. परंतु सावर, पांगारा किंवा वड-उंबरावर जेवढी वर्दळ असते, तेवढी त्यांच्यावर मला कधी दिसलेली नाही. टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावलेल्या गिरिपुष्पाच्या फिकट गुलाबी फुलांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये शिंजीर आणि मधमाश्या येतात, तरी त्या एकसुरी झाडीत चालताना देशी झाडांच्या मिश्र राईतली विविधता भेटत नाही. म्हणून वेळ थोडा असेल तर तो देशी झाडाखाली घालवावा.

कुठे जावे

पुण्यात पहिल्या फेरीसाठी मी एम्प्रेस गार्डन सुचवतो. रेसकोर्सजवळची ही सुमारे ३९ एकरांची बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते. तेथील जुने वृक्ष उंच आहेत आणि काही वेली झाडांच्या खोडांएवढ्या जाड आहेत. जुन्या झाडांना ढोल्या असतात, आणि वसंतात ढोली असलेल्या झाडाइतकी मोलाची वस्तू बागेत दुसरी नसते. पोपट, साळुंक्या, पिंगळे आणि राखी धनेश हे सारे ढोल्यांसाठी झगडत असतात. पिंगळा दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला असतो. त्याचे वाटोळे डोळे आपल्यावर खिळले आहेत हे लक्षात आले की तेथूनच पाहून पुढे सरकावे.

धनेशासाठी थोडा अधिक धीर धरावा लागतो. पुण्यात जुन्या झाडीच्या आवारांतून हा लांब शेपटीचा, राखी रंगाचा, बाकदार चोचीचा पक्षी अजून टिकून आहे, आणि त्याची कर्कश किंचाळी घारीच्या आवाजासारखी ऐकू येते. मार्चपासून मादी ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड विष्ठा आणि मातीने लिंपून घेते आणि चोच मावेल एवढी फट ठेवते. आत ती अंडी उबवते, आणि बाहेरून नर फळे व किडे आणून त्या फटीतून तिला भरवतो. नर एकाच खोडाकडे पुन्हा पुन्हा येताना दिसला तर तेथे ढोली आहे असे समजावे, पण खोडाजवळ जाऊ नये. माणूस जवळ उभा असेल तर नर येण्याचे टाळतो, आणि तेवढा वेळ आतल्या सगळ्यांची उपासमार होते. पन्नास पावलांवरून झाडाच्या आडोशाने पाहावे, आणि त्या ढोलीचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये.

शहराच्या मधोमध असलेल्या जंगली महाराज रस्त्यावरील संभाजी उद्यानातही, आसपास वाहनांचा गजबजाट असूनही, तांबट, दयाळ, शिंपी आणि बुलबुल सहज भेटतात. लहान मुलांना घेऊन जायचे असेल तर असे जवळचे उद्यान बरे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. तेथे झाडी आटोपशीर असली तरी वाहते पाणी आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये पाणी जिथे तिथे पाखरे, हा नियम सर्वत्र लागू पडतो. खंड्या याच काळात उंच शेंड्यावर बसून लांबलचक, किणकिणणारी साद घालतो. पाषाण तलावावर जाणार असाल तर मार्चच्या आरंभीच जावे, कारण हिवाळी बदके त्यानंतर झपाट्याने कमी होतात.

वेताळ टेकडीचा अनुभव अगदी निराळा आहे. ही पुणे शहरातील सर्वांत उंच जागा. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ८०० मीटर आहे. विधी महाविद्यालयाच्या बाजूने, गोखलेनगरकडून, पंचवटीकडून किंवा कोथरूडच्या बाजूने वर चढता येते, आणि माथ्यावर वेताळाचे देऊळ व जुनी दगडाची खाण आहे. खाणीत पाणी साचलेले असते तोवर तिच्या काठाशी संध्याकाळी शांत बसणे फार फलदायी ठरते. उतारांवर सालई आणि मोई निष्पर्ण उभ्या असतात, आणि कांडोळाची पांढुरकी, कागदासारखी सालपटे सुटलेली खोडे चांदण्यात लांबून उजळलेली दिसतात. पहाटे मोरांचा आरव आणि तित्तिरांची धावती साद ऐकू येते. नशिबाने साथ दिली तर मुंगूस किंवा ससा वाट ओलांडताना दिसतो. माथ्यावर सावली फार कमी आहे. म्हणून सोबत पाणी घ्यावे आणि नऊच्या आत खाली उतरावे.

मुंबईकरांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेचा विचार करावा. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचे आजचे नाव. बहुतेक लोक तेथे पिंजऱ्यांतले प्राणी पाहायला जातात, परंतु १८६२ मध्ये खुल्या झालेल्या या बागेतील जुनी वृक्षसंपदा हेच तिचे खरे वैभव आहे, आणि उंच झाडांवर दिवसा उलटी लटकलेली वटवाघळे कुठल्याही पिंजऱ्यावाचून पाहता येतात. बाग बुधवारी बंद असते. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचराभूमी होते. लावलेली झाडे वाढली की पाखरे आणि फुलपाखरे कशी परत येतात, हे तेथे वसंतात स्पष्ट दिसते. विदर्भातल्या वाचकांना पळसासाठी दूर जावे लागत नाही, म्हणून त्यांनी सुरुवात तेथूनच करावी.

आधी ऐकावे, मग पाहावे

झाडीतला पक्षी डोळ्यांना दिसण्यापूर्वी कानांना कळतो, म्हणून प्रत्येक थांब्यावर पहिली दोन मिनिटे नजर न फिरवता केवळ ऐकावे. चार-पाच आवाज पक्के केले तरी पहिल्या ऋतूपुरते पुरेसे होते. तांबटाचा संथ, एकसारखा ‘टुक्-टुक्-टुक्’ हा आवाज दुपारपर्यंत चालू असतो. बोलताना तो डोके इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. अशा वेळी झाडाच्या शेंड्यावरच्या वाळक्या फांदीवर हिरवा, कपाळावर लाल ठिपका असलेला, चिमणीपेक्षा थोडा मोठा पक्षी शोधावा. वाळक्या फांदीतच तो घरटे कोरतो. उद्यानात सुकलेली प्रत्येक फांदी छाटून टाकण्याची जी घाई होते, ती त्याच्या मुळावर येते. फांदी वाटेवर पडण्याचा धोका नसेल तर ती राहू द्यावी, असे उद्यान अधीक्षकांना लेखी कळवणे हे बागेत फिरणाऱ्या प्रत्येकाला जमण्यासारखे काम आहे.

कोकिळ फेब्रुवारीअखेर साद घालू लागतो. ‘कुहू’ असा चढत जाणारा सूर नराचा असतो. नर काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज भरभर ‘किक्-किक्-किक्’ असा. ही जोडी पाहायची असेल तर फळे लागलेल्या पिंपळ-उंबराखाली थांबावे. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, आणि कावळे एप्रिलपासून घरटी बांधू लागतात, त्यामुळे नर ओरडत कावळ्यांना मागे लावतो आणि तेवढ्यात मादी घरट्याकडे सरकते, हा खेळ एप्रिल-मेमध्ये बागेतल्या बाकावर बसूनही पाहायला मिळतो. पावश्याचा वरवर चढत जाणारा, थांबून पुन्हा सुरू होणारा धोशा मार्चपासून ऐकू येतो आणि चांदण्या रात्रीही थांबत नाही. त्याची अंडी सातभाईंच्या घरट्यात वाढतात. शिंप्याचे ‘टुविट्-टुविट्’ हे कमरेएवढ्या झुडपातून येते, आणि इतक्या लहान पक्ष्याचा इतका मोठा आवाज असेल यावर प्रथम विश्वास बसत नाही.

आवाज ओळखण्यासाठी मर्लिन हे मोफत ॲप उपयोगी आहे. त्याने दिलेले नाव मात्र पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत कच्चेच समजावे. त्याच ॲपमधला किंवा इतर कुठला ध्वनी वाजवून पक्ष्याला जवळ बोलावण्याचा प्रकार विणीच्या काळात मुळीच करू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला या समजुतीने तो घरटे सोडून धावत येतो, आणि त्याची शक्ती वाया जाते.

बांडगूळ, रुई आणि वाळकी पाने

माळ्याला नकोशा वाटणाऱ्या तीन गोष्टींपाशी मुद्दाम थांबावे. पहिली गोष्ट बांडगूळ. आंब्याच्या किंवा इतर झाडांच्या फांद्यांवर वेगळ्याच पानांचा झुबका आणि नळीसारखी फुले दिसली की तेथे थोडा वेळ घालवावा. फुलटोच्या नावाचा, जेमतेम आठ सेंटिमीटर लांबीचा पक्षी त्याची फळे गिळतो. आतले बी चिकट असल्यामुळे त्याची विष्ठा फांदीला चिकटते आणि बांडगूळ नव्या फांदीवर रुजते. याच पानांवर हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू अंडी घालते आणि त्याच्या अळ्या घोळक्याने वाढतात. पंखांच्या खालच्या बाजूस पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके अशी त्याची खूण असल्यामुळे नाव एकदा ऐकले की ओळखायला दुसऱ्यांदा कोणाला विचारावे लागत नाही. फळबागेत बांडगूळ काढावेच लागते हे खरे. उद्यानात मात्र एखाद्या झाडावर ते राहू देण्यास हरकत नसावी.

दुसरी गोष्ट रुई. कुंपणालगत आपोआप वाढलेल्या रुईच्या पानाखाली पाहिले तर पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी आणि क्वचित फिकट हिरवा, चकचकीत कोष सापडतो. हे नारिंगी पंखांचे बिबळ्या कडवा फुलपाखरू. रुईचा चीक अळीच्या अंगात साठतो आणि तिला बेचव, विषारी करतो, म्हणून पक्षी तिच्या वाट्याला जात नाहीत. पान उलटून पाहताना चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

तिसरी गोष्ट झाडांखाली साचलेला पाचोळा. चिरक, सातभाई आणि भारद्वाज त्यातच अन्न शोधतात, सरडे आणि विंचू त्यात दडतात, आणि पावसाळ्यात त्याची माती होते. एप्रिलच्या सुमारास सरड्याच्या नराचे डोके आणि गळा लालबुंद होतो आणि तो दगडावर चढून मान वरखाली करत हद्द सांगतो, ते पाहायला लहान मुलांना फार आवडते. पाचोळा पेटवून देण्याची सवय अनेक उद्यानांत आणि वसाहतींत अजून आहे. उघड्यावर कचरा आणि पाला जाळण्यास मनाई आहे हे तेथील कर्मचाऱ्यांना सौजन्याने सांगावे, आणि पाल्याचे खत करण्याची सोय करता येते का ते पाहावे.

नोंद आणि शिस्त

दर आठवड्याला त्याच वाटेने जावे आणि तीच चार-पाच झाडे पाहावीत. वहीत तारीख, झाडाची पालवी, कळ्या, फुले, फळे यांची स्थिती आणि त्यावर आलेले पाहुणे एवढेच लिहावे. अशा नोंदी ज्यांना इतरांच्या उपयोगी आणायच्या असतील त्यांनी सीझनवॉच या भारतीय उपक्रमात झाड नोंदवावे. त्यात सर्वसामान्य लोक आपापल्या परिसरातील झाडांचे फुलणे आणि पालवणे नियमितपणे कळवतात. पक्ष्यांच्या याद्यांसाठी ई-बर्ड हे संकेतस्थळ आहे. सावर कोणत्या तारखेस फुलली याची दहा वर्षांची नोंद एखाद्या उद्यानाला मिळाली, तर हवामान बदलते आहे की नाही या चर्चेला त्या बागेपुरता तरी पुरावा मिळेल.

घरटे दिसले तर थांबू नये, फांदी वाकवू नये आणि छायाचित्र काढण्यासाठी पाने बाजूला करू नयेत. आपल्या पावलांमागून कावळे आणि मांजरे तेथे पोचतात. पाव, शेव, बिस्किटे पाखरांना घालू नयेत. उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज घासून बदलावे. उंच झाडावर किंवा इमारतीच्या कडेला आग्या मोहोळ असेल तर त्याखालून गडबड न करता निघून जावे. जवळपास धूर करू नये आणि उग्र अत्तर लावून जाऊ नये. टेकडीवर काडी, विडी किंवा होळीचे निखारे नेऊ नयेत. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवताला लागलेला वणवा जमिनीवर घरटी करणाऱ्या तित्तिर आणि चंडोलांची अख्खी वीण संपवतो. टेकड्यांवर जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढण्याच्या कामाला स्वयंसेवक लागतात, आणि ज्यांना सकाळी फिरायची सवय आहे त्यांनी त्यात एखादा रविवार द्यावा.

एप्रिलमध्ये पूर्ण पिसे आलेले, पण नीट न उडणारे पिल्लू जमिनीवर सापडले तर ते बहुधा उडायला शिकत असते आणि त्याचे आईबाप जवळच असतात. कुत्रे-मांजर येण्याची भीती असेल तर त्याला उचलून जवळच्या झुडपात ठेवावे आणि दूर व्हावे. पिसे न फुटलेले पिल्लू पडले असेल आणि घरटे हाताशी दिसत असेल तर ते परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकून देत नाहीत. पक्षी किंवा इतर वन्यप्राणी जखमी असेल, किंवा टेकडीवर वणवा दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे आणि मदत येईपर्यंत जखमी जिवाला हवा खेळेल अशा खोक्यात, अंधारात आणि शांततेत ठेवावे. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये.